लार्झाकच्या पठारावरील एक गाव: ला कुव्हर्तुआराद

माळवाट

दक्षिण फ्रान्समधील लार्झाकच्या पठारावर, अव्हेरों जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, ला कुव्हर्तुआराद नावाचे तटबंदीचे एक लहान गाव आहे. गावातून नदी वाहत नाही आणि जवळपास ओढाही नाही. पाऊस पुरेसा पडतो, परंतु सारे पठार चुनखडीचे असल्यामुळे पडलेले पाणी खडकातील भेगांवाटे थेट खाली उतरते आणि पठाराच्या पायथ्याशी, दऱ्यांमध्ये, झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. वर राहणाऱ्या माणसांनी आणि मेंढ्यांनी प्यायचे काय, हा प्रश्न इथे शेकडो वर्षे होता. या गावाची रचना समजून घ्यायची असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

मी नोकरीनिमित्त मोंपेलिए शहरात राहते. तिथून उत्तरेकडे मोटारीने साधारण तासाभराच्या अंतरावर हे पठार असल्यामुळे गेल्या काही वर्षांत माझे तिकडे वरचेवर जाणे झाले. फ्रान्समधील खेड्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात फुलांच्या कुंड्या, पाव आणि द्राक्षमळे यांचेच वर्णन अधिक असते. म्हणून ज्या गावात द्राक्षे पिकत नाहीत, माती जेमतेम वीतभर आहे आणि तरीही माणसे टिकून आहेत, अशा गावाविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

लार्झाकचे क्षेत्रफळ सुमारे १००० चौरस किलोमीटर आहे आणि गाव समुद्रसपाटीपासून पावणेआठशे मीटरच्या आसपास आहे. हिवाळ्यात बर्फ पडते आणि उत्तरेचा वारा अडवायला काहीच नसते. उन्हाळ्यात हेच माळरान तापून पिवळे पडते. दगड, खुरटे गवत, बॉक्सवुडची झुडपे आणि जुनिपर एवढेच दूरवर दिसते. मधूनच डोलोमाइट या खडकाचे सुळके पडक्या इमारतींच्या आकारात उभे असतात. जमिनीत ठिकठिकाणी बशीसारखे खोलगट भाग आहेत, त्यांना तिथले लोक ‘सॉच’ म्हणतात. चुनखडी विरघळून उरलेली तांबडी चिकणमाती त्यांत साठलेली असते, आणि पठारावरची नांगरटीची जमीन बहुतांशी तेवढीच. धान्य आणि मेंढ्यांचा चारा तिथे पिकतो. बाकी सारे चराईचे रान आहे.

आता घरे पाहा. या पठारावर लाकूड दुर्मीळ, म्हणून जुन्या घरांना तुळया आणि वासे यांऐवजी दगडी कमानी आहेत. तळमजल्यावर कमानदार मेंढवाडा असतो आणि बाहेरच्या दगडी जिन्याने वर गेले की राहण्याची जागा लागते. खाली बांधलेल्या जनावरांची ऊब वरच्या माणसांना मिळत असे. छपरावरही चुनखडीच्याच फरश्या आहेत. त्या इतक्या जड असतात की लाकडी सांगाडा त्यांच्याखाली टिकला नसता. छपरावर पडणारे पाणी पन्हाळीतून खालच्या हौदात सोडलेले असे आणि ते माणसांसाठी राखून ठेवत. मेंढ्यांसाठी तटाबाहेर ‘लावोन्य’ आहे. हे गोलाकार उथळ तळे असते. तळाशी चिकणमातीचा थर देतात आणि मेंढ्यांच्या खुरांनी तो फुटू नये म्हणून त्यावर दगडी फरसबंदी करतात. ला कुव्हर्तुआरादचे लावोन्य पठारावरील सर्वांत सुबक लावोन्यांपैकी एक आहे. त्याचा उतार आणि दगडांची बैठक पाहिली म्हणजे पाणी साठवण्याची विद्या इथे किती पिढ्यांनी जोपासली असेल याची कल्पना येते.

अनेक दारांवर ‘कार्दाबेल’ हे मोठे काटेरी फूल खिळ्याने ठोकलेले दिसते. हवा दमट झाली की त्याच्या पाकळ्यांसारख्या कडा मिटतात आणि कोरडी झाली की उघडतात, त्यामुळे पावसाचा अंदाज घेण्यासाठी ते लावत. आता ते तोडण्यावर निर्बंध आहेत. म्हणून दारावरचे जुने फूल जपावे आणि रानातले रानात राहू द्यावे, असे गावकरी आवर्जून सांगतात.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे की पाहणाऱ्याला निसर्गनिर्मित वाटणारे हे माळरान मेंढ्यांनी आणि माणसांनी घडवलेले आहे, आणि ते जपणारे हात थांबले तर ते एका पिढीत नाहीसे होईल. जिथे चराई थांबली तिथे आधी बॉक्सवुड आणि जुनिपर माजतात, मागोमाग पाइनची झाडे येतात आणि गवत संपते. युनेस्कोने २०११ साली कोस (म्हणजे लार्झाकसारखी चुनखडीची पठारे) आणि सेव्हेन (शेजारचा डोंगराळ भाग) या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तोही पशुपालनातून घडलेला भूप्रदेश म्हणूनच. जाणकारांनी भर घालावी, ही विनंती.

गोदाकाठ

लेख आवडला. लावोन्याची माहिती माझ्यासाठी नवीन होती. दोन प्रश्न आहेत. एवढ्या लहान गावाला तटबंदीची गरज का पडली? आणि आज हे गाव खरोखर नांदते आहे, की पर्यटकांसाठी राखलेले एक दालन आहे?

माळवाट

गोदाकाठ, तटबंदीचे उत्तर थोडक्यात देते. बाराव्या शतकात लार्झाकवर टेम्पलर या लढवय्या धार्मिक संघाने जमिनी मिळवल्या. सेंत-युलाली-द-सेर्नों येथे त्यांचे मुख्य ठाणे होते आणि ला कुव्हर्तुआराद येथे त्यांनी किल्ला बांधला. धर्मयुद्धांसाठी लागणारा पैसा, धान्य आणि घोडे युरोपातील अशा जमिनींतून पुरवले जात. १३१२ साली टेम्पलर संघ बरखास्त झाल्यावर ही मालमत्ता हॉस्पिटलर या तशाच दुसऱ्या संघाकडे गेली. आज दिसणारा तट आणि बुरूज त्यांनी पंधराव्या शतकात उभारले, कारण शंभर वर्षांच्या युद्धाच्या काळात भाडोत्री सैनिकांच्या टोळ्या गावे लुटत फिरत होत्या. तटाच्या आत माणसांइतकाच कळपही सुरक्षित ठेवायचा होता.

दुसरा प्रश्न कठीण आहे. संपूर्ण कम्यूनची (म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या सर्वांत लहान प्रशासकीय घटकाची) लोकसंख्या दोनशेच्या आतबाहेर आहे आणि त्यातील तटाच्या आत कायम राहणारे लोक फारच थोडे. ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे’ या यादीत गावाचे नाव असल्यामुळे उन्हाळ्यात गर्दी होते आणि कारागिरांची दुकाने उघडतात. हिवाळ्यात बहुतेक दारे बंद असतात. मात्र तटाबाहेर, विखुरलेल्या वाड्यांवर, मेंढपाळ शेतकरी आहेत आणि त्यांचे काम बारा महिने चालते. गाव जिवंत आहे की नाही हे ठरवताना मी तटाच्या आतील दुकाने न मोजता या वाड्या मोजते.

दूधगंगा

मी दुग्धतंत्रज्ञान या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे या पठाराशी माझी ओळख रोकफोर या मेंढीच्या दुधाच्या, निळी बुरशी असलेल्या चीजमार्फत झाली. माळवाट यांनी मेंढ्यांचा उल्लेख केला, पण त्या मेंढ्या कशासाठी पाळल्या जातात हे सविस्तर सांगायला हवे.

लार्झाकच्या पश्चिम कडेला कोंबालू नावाच्या डोंगराचा कडा प्राचीन काळी कोसळला आणि त्याच्या ढिगाऱ्यात गुहा व भेगा तयार झाल्या. या भेगांना ‘फ्लरीन’ म्हणतात. त्यांतून थंड आणि दमट हवा सतत खेळत राहते. रोकफोर-सुर-सुल्झों हे गाव याच ढिगाऱ्यावर वसलेले असून चीज पिकवण्याच्या गुहा त्याच्या पोटात आहेत. २६ जुलै १९२५ रोजी फ्रान्समध्ये झालेल्या कायद्याने रोकफोर या नावाला संरक्षण मिळाले. चीजच्या बाबतीत असे संरक्षण मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. आजच्या नियमांनुसार दूध फक्त लाकोन जातीच्या मेंढीचे, तेही न तापवलेले आणि ठरावीक प्रदेशातलेच असावे लागते. चीज तयार झाल्यापासून किमान ९० दिवस पिकवावे लागते, आणि त्यातील काही काळ ते कोंबालूच्या गुहेतच असले पाहिजे. एक किलो चीजसाठी साधारण साडेचार लिटर दूध लागते.

या नियमांनी मेंढपाळाचे वर्ष आखून दिले आहे. हिवाळ्याच्या तोंडावर मेंढ्या वितात, कोकरे सुमारे महिन्याभराने वेगळी केली जातात आणि तिथून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत दररोज दोन वेळा दूध काढले जाते. गवत असेल त्या काळात मेंढ्या बाहेर चरल्याच पाहिजेत, अशी अट आहे. लवकर वेगळ्या केलेल्या कोकरांच्या मऊ कातड्यावर जवळच्या मियो शहरातील हातमोज्यांचा धंदा उभा राहिला. चीज करून उरलेल्या निवळीपासून ‘रक्वित’ नावाचा मऊ छाना करतात आणि त्यात अंडी, साखर व संत्र्याच्या फुलांचा अर्क घालून ‘फ्लोन’ हा गोड पदार्थ भाजतात. दूध, कातडे, निवळी, खत यांपैकी काहीच वाया जात नव्हते. लोकरीला मात्र आता जवळजवळ भावच उरलेला नाही.

चिंतेची बाब अशी की गेल्या काही दशकांत रोकफोरचा खप घटत आला आहे. सौम्य चवीच्या चीजकडे ग्राहक वळले आहेत. मेंढ्या थांबल्या तर माळरान संपेल, असे माळवाट म्हणतात आणि ते खरे आहे. परंतु मेंढ्या टिकणे हे शेवटी दूरच्या शहरातील जेवणाच्या टेबलावर अवलंबून आहे.

सेलूकर

मी वर्धा जिल्ह्यातला. लार्झाकचे नाव वाचून थांबलो, कारण या पठाराच्या इतिहासात वर्ध्याचा एक धागा आहे आणि तो आपल्याकडे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

१९०१ साली इटलीत जन्मलेले लान्झा देल व्हास्तो १९३७ च्या सुरुवातीला गांधीजींना भेटण्यासाठी वर्ध्याला आले आणि काही महिने राहिले. तिथे ते सूतकताई शिकले. गांधीजींनी त्यांना ‘शांतिदास’ हे नाव दिले. फ्रान्सला परतल्यावर १९४८ साली त्यांनी ‘आर्श’ नावाचा समुदाय स्थापन केला. त्याचे सदस्य एकत्र राहत, शेती करत, सूत कातत आणि कापड विणत. १९६३ पासून हा समुदाय ला बोरी नोब्ल येथे स्थिरावला, आणि ही जागा लार्झाकच्या दक्षिणेला अगदी जवळ आहे.

पठारावर ला कावालरी येथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुमारे ३००० हेक्टरांचा लष्करी तळ होता. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये संरक्षणमंत्री मिशेल दब्रे यांनी तो १७००० हेक्टरांपर्यंत वाढवण्याची घोषणा केली. तिथे ‘जवळजवळ काहीच नाही’ अशी सरकारी समजूत होती, म्हणजे ज्या माळाविषयी माळवाट लिहीत आहेत तो पडीक समजला गेला. १९७२ च्या मार्चमध्ये शांतिदासांनी ला कावालरी येथे पंधरा दिवसांचे उपोषण केले. शेतकरी आळीपाळीने त्यांच्यासोबत बसले आणि रोदेझ व मोंपेलिए येथील बिशपही सहभागी झाले. हे शेतकरी परंपरानिष्ठ कॅथलिक होते, आंदोलनाची त्यांना सवय नव्हती. उपोषण संपता संपता, २८ मार्च १९७२ रोजी, १०३ शेतकऱ्यांनी लेखी शपथ घेतली की आम्ही आमची जमीन लष्कराला विकणार नाही.

पुढची नऊ वर्षे हा लढा अहिंसेने चालला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी पॅरिसला मेंढ्या नेऊन आयफेल टॉवरच्या पायथ्याशी चरायला सोडल्या. १९७३ च्या जानेवारीत ट्रॅक्टर घेऊन ते पॅरिसकडे निघाले आणि ट्रॅक्टर अडवल्यावर पुढे पायी गेले. १० मे १९८१ रोजी फ्रान्स्वा मितराँ राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि जूनच्या सुरुवातीला तळाचा विस्तार रद्द झाला. शांतिदास त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. हा निर्णय त्यांना पाहता आला नाही, याची मला फार रुखरुख वाटते.

माळवाट

सेलूकर, मनःपूर्वक आभार. वर्ध्याचा हा संदर्भ माझ्या लेखात यायलाच हवा होता. आपण जिथे थांबलात तिथून पुढची हकीकत सांगते, कारण माझ्या मते लार्झाकचे खरे वेगळेपण १९८१ नंतर सुरू होते.

लढ्याच्या काळात देशभरातील हजारो समर्थकांनी शेतजमिनीच्या सामाईक गटांचे समभाग घेऊन मोक्याच्या ठिकाणी जमीन विकत घेतली होती. ला ब्लाकिएर या वाडीवर बांधकामाची परवानगी नसताना स्वयंसेवकांनी मोठा दगडी मेंढवाडा बांधला. करातील ३ टक्के रक्कम सरकारला न देता इकडे वळवणाऱ्या नागरिकांचे पैसे त्या कामी आले. तो मेंढवाडा मी पाहिला आहे. त्याच्या कमानी जुन्या घरांच्या कमानींच्याच घराण्यातल्या आहेत, आणि आजच्या काळातही ती कला जिवंत असल्याचे पाहून मला मनापासून आनंद झाला.

लढा जिंकल्यावर प्रश्न उरला तो लष्करासाठी सरकारने आधीच विकत घेतलेल्या जमिनीचा. ती खासगी मालकीत परत न देता १९८५ साली सुमारे ६३०० हेक्टर जमीन ‘लार्झाक भूमी नागरी संस्था’ या शेतकऱ्यांच्याच संस्थेकडे दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने सोपवण्यात आली. पुढे त्याची मुदत २०८३ पर्यंत वाढवली गेली. संस्था शेतकऱ्याला निवृत्तीपर्यंत जमीन आणि घर कसायला व राहायला देते. निवृत्त झाल्यावर ते संस्थेकडे परत येते आणि पुढच्या तरुण कुटुंबाला मिळते. मालकी नसल्यामुळे घर सुट्टीतील बंगला म्हणून विकता येत नाही. दक्षिण फ्रान्समधील कितीतरी देखणी गावे अशाच विक्रीमुळे वर्षातील दहा महिने कुलूपबंद असतात. गोदाकाठ यांनी नांदत्या गावाविषयी विचारले होते. या व्यवस्थेखालच्या वाड्यांत बारा महिने माणसे दिसतात आणि त्यांची मुले जवळच्या शाळांत जातात.

पायवाट

मी तुलूझमध्ये राहतो आणि कामानिमित्त अव्हेरोंमध्ये फिरतो. चर्चा उत्तम चालली आहे, परंतु माझे मत काहीसे वेगळे आहे. लढ्याची आणि जमिनीच्या व्यवस्थेची महती मान्य करूनही, हे पठार आज तीन रोखठोक गोष्टींवर उभे आहे असे मला वाटते. पहिली म्हणजे युरोपीय संघाचे शेती अनुदान. डोंगराळ भागातील पशुपालकाच्या उत्पन्नात त्याचा वाटा मोठा असतो आणि ते बंद झाले तर बरेच कळप विकले जातील. दुसरी म्हणजे ए-७५ हा महामार्ग. मियोचा पूल वगळता त्यावर टोल नाही, त्यामुळे पठारावर राहून शहरात नोकरी करणे शक्य झाले आहे. डिसेंबर २००४ मध्ये तो पूल वाहतुकीस खुला झाल्यापासून प्रवाशांचा ओघही वाढला. तिसरी गोष्ट लढ्याच्या समर्थकांना रुचणार नाही: ला कावालरीचा तळ विस्तारला नाही, पण बंदही झाला नाही. २०१६ साली तिथे परदेशी सैनिकांच्या फ्रेंच लिजनची एक तुकडी आली, सैनिकांची कुटुंबे आली आणि त्या गावाची शाळा व दुकाने सावरली.

आणखी एक मुद्दा कम्यूनचा. फ्रान्समध्ये सुमारे ३५००० कम्यून आहेत, आणि शंभर वस्तीच्या गावालाही आपला महापौर आणि आपली परिषद असते; दर सहा वर्षांनी निवडणूक होते. लहान गावाचा महापौर म्हणजे रस्त्यावरील बर्फ, गळणारे नळ, दफनभूमी आणि शेजाऱ्यांची भांडणे हे सगळे पाहणारा माणूस. विवाहही तोच लावतो. लहान गावे एकत्र करावीत असे सरकारला वाटते, कारण खर्च वाचतो. पण कार्यालय गेले की शाळेचा वर्ग जातो, टपाल खिडकी जाते आणि मग डॉक्टर तर येतच नाही. तट आणि लावोन्य यांची दुरुस्ती होते, निधीही मिळतो. आजारी वृद्धाला तपासायला माणूस मिळत नाही. माळवाट यांनी या बाजूकडेही पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

माळवाट

पायवाट, डॉक्टरांविषयी आपण लिहिलेले अक्षरशः खरे आहे. माझ्या परिचयातील एका वृद्ध बाईंना डोळ्यांच्या तपासणीसाठी कित्येक महिने थांबावे लागले, आणि मोटार चालवणे सुटल्यावर त्यांना पठार सोडून मियोला जावे लागले. ज्या घरात त्या जन्मल्या ते घर आजही उत्तम स्थितीत आहे.

अनुदानाबाबत मात्र मी सहमत नाही. अनुदान सगळ्याच पठारांना मिळते, तरी सगळीकडे तरुण शेतकरी येत नाहीत. पैसा असला तरी जमीन परवडणाऱ्या अटींवर मिळावी लागते, आणि शेजारी असावे लागतात. लार्झाकवर दूध काढणाऱ्या काही कुटुंबांनी एकत्र येऊन सहकारी चीजशाळा चालवल्या, शेतमालाची थेट विक्री सुरू केली. रोकफोरचा खप घटत असताना दुधाला दुसरी वाट असणे किती महत्त्वाचे आहे, हे दूधगंगा अधिक चांगले सांगू शकतील. १२ ऑगस्ट १९९९ रोजी मियो येथे बांधकाम सुरू असलेले मॅक्डॉनल्ड्स उचकटणाऱ्या शेतकऱ्यांत लार्झाकचे शेतकरी नेते जोझे बोव्हे होते. त्यामागचे कारणही रोकफोरच होते. अमेरिकेने त्यावर १०० टक्के आयातकर लावला होता. आपले दूध, आपली जमीन आणि जगाचा बाजार यांचा संबंध या लोकांनी फार लवकर ओळखला.

मेंढ्यांवर काय काय अवलंबून आहे त्याचे आणखी एक उदाहरण देते. या भागातून नाहीशी झालेली ग्रिफॉन गिधाडे १९८१ पासून जवळच्या जोंत नदीच्या दरीत पुन्हा सोडण्यात आली आणि आता ती लार्झाकवर नियमित दिसतात. शेतकरी मेलेल्या मेंढ्या ठरवून दिलेल्या जागी गिधाडांसाठी ठेवतात. कळप गेले तर गिधाडेही जातील.

निशिगंध

चर्चा वाचून तिकडे जाण्याची इच्छा झाली आहे. कोणत्या महिन्यात जावे, आणि मोटारीशिवाय जाता येते का? मुलांना घेऊन पायी फिरणे सुरक्षित आहे का?

माळवाट

निशिगंध, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत जावे. त्या काळात माळावर रुपेरी पिसांसारखे स्टिपा गवत फुललेले असते, ऑर्किड दिसतात आणि मेंढ्या बाहेर चरत असतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही फार. हिवाळ्यात जेवणाची सोय मियो किंवा ल केलार येथे आधी पाहून ठेवावी. सार्वजनिक वाहने अगदी कमी आहेत, त्यामुळे मोटार भाड्याने घेणे उत्तम. ती तटाबाहेरच्या वाहनतळावर ठेवून आत चालत जायचे असते. गावामागच्या टेकडीवर पवनचक्की आहे, तिथून तट, लावोन्य आणि सॉचमधील तांबडी शेते एकाच दृष्टीत येतात. मुले सहज चढतील.

माळावर फिरताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. अलीकडच्या वर्षांत लांडगे परतल्यामुळे बऱ्याच कळपांसोबत मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. ते भुंकत आले तर पळू नये, हातवारे करू नयेत, कळपाला लांबून वळसा घालून शांतपणे पुढे जावे, आणि मुलांना कोकरांजवळ जाऊ देऊ नये. दुसरे म्हणजे चराईच्या कुंपणातील फाटक उघडून गेलात तर लगेच लावून घ्यावे. पाणी सोबत भरपूर न्यावे, कारण गाव सोडले की वाटेत कुठेही मिळत नाही.